उजवीकडून उतरणारा जिना

मालू, हे पत्र घेऊन बैस निवांत. आणि आधी मला तुला थोडं बोलू दे. मी दुबईहून परत येऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत तू चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा एकच विचारलंस, सोनं किती आणलंस. सोन्याआधी भाचीचं विचारायचं होतंस. वैशाली तिथं काय करते ते तुला अजून धड माहीत नाही. भिशीतल्या बायकांना तू सांगतेस, "आमची वैशू दुबईला प्रिंटरमध्ये असते." प्रिंटरमध्ये म्हणजे काय गं, आत बसते का ती त्याच्या? फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच कुकर बंद करायला उठतेस. म्हणून लिहूनच पाठवते. सावकाश वाच आणि भिशीतही वाचून दाखव. त्या बायका मला ओळखत नाहीत, तेव्हा चार ओळी त्यांच्यासाठी.

मी मालूची थोरली बहीण, कराडची. चौथीनंतर माझी शाळा सुटली. लग्न होऊन आले ती थेट बाइंडिंगच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक कटिंग मशीन आणि आम्ही नवराबायको. छापखान्यातून मोठे छापील कागद यायचे. त्यांच्या घड्या घालून सोळा सोळा पानांचा एकेक जुडगा करायचा, त्याला फर्मा म्हणतात. मग फर्मे क्रमानं एकावर एक ठेवायचे, दोऱ्यानं शिवायचे, खळ लावायची, कव्हर चढवायचं. पस्तीस वर्षं हेच केलं. वाचायला मी शाळेत कमी आणि फर्म्यांवर जास्त शिकले. घडी घालताना जे पान वर येईल ते वाचायचं. त्यामुळे कित्येक कादंबऱ्यांचा मला फक्त पाचवा फर्मा ठाऊक आहे. पुढं त्या बाईचं काय झालं, कोण जाणे.

वैशाली त्याच खोल्यांत वाढली. कागदाच्या कातरणीच्या ढिगात झोपायची. पुढं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्यात छपाईच्या मशीनवर काम केलं आणि आता चार वर्षं दुबईला आहे. तिची कंपनी स्विट्झर्लंडची. नाव लिहू नकोस म्हणून तिनं बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण एका घराण्याची कंपनी आहे, चौथी पिढी चालवते. एका तळ्याकाठच्या गावात कारखाना, आणि काम एकच: पुस्तकं बांधायची यंत्रं करायची. आपण जे हातानं करत होतो ना, ते सगळं. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे ही तर आपल्याच धंद्यातली माणसं.

डिस्कव्हरी गार्डन्स

वैशालीचं घर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर. नाव बागेचं आणि खाली खरंच झाडं आहेत, पण प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी काळी नळी. ती बंद पडली तर आठवड्यात सगळं वाळेल म्हणतात. आपल्या दारातला कडुनिंब मी कधी पाणी न घालता एवढा झाला, हे मी तिथल्या माळ्याला सांगितलं. तो नेपाळचा. म्हणाला, "माँजी, उसको यहाँ भेज दो, दो दिन में रोएगा."

पहिल्याच दिवशी फजिती. बॅग उघडली तर शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी फुटलेली, आणि जावईबापूंसाठी नेलेला पांढरा शर्ट तांबडा झालेला. मला ओशाळल्यासारखं झालं. निखिल वाकून बघतो आणि म्हणतो, "शर्टाचं जाऊ द्या आई, चटणी किती वाचली ते सांगा." शर्ट झटकून झटकून त्यानं वाटीभर चटणी गोळा केली. गुणी आहे तो. अबू धाबीला बँकेत जातो, तिघं मित्र मिळून एका गाडीनं, पहाटे सहाला घर सोडतो.

बाहेर कढई तापल्यासारखं ऊन आणि घरात एसीचा गारठा. वाळवंटात जाऊन मी स्वेटर घालून बसले, हे इथं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. खाली कोपऱ्यावर केरळच्या माणसाचं चहाचं दुकान आहे, चहाला करक म्हणतात, दाट आणि वेलदोड्याचा. दोन दिरहम. वैशाली म्हणाली, "पन्नास रुपयांच्या आसपास पडतो गं." त्यानंतर तो घोट मी जरा जपूनच घेतला. तिसऱ्या दिवसापासून हिशोब विसरले आणि दोन दोन कप प्यायला लागले.

नात ईरा नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं बोलणं. तिला शाळेत अरबी शिकवतात. एकदा तिचं अरबीचं पुस्तक मी उचललं आणि सवयीनं उघडलं, तर ती म्हणाली, "आजी, दॅट्स द बॅक. स्टार्ट फ्रॉम हिअर." पुस्तक माझ्या हातातून घेऊन तिनं पालथं केलं. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तेव्हा पुस्तकही उजवीकडूनच सुरू होतं, त्याची पाठ उजव्या हाताला येते. "बरं बाई," म्हटलं मी.

पण माझं लक्ष वैशालीकडे होतं. पोरगी जेवत नव्हती. भाकरीचा चतकोर घेऊन नुसती चाळवत बसायची. चौथ्या दिवशी मी ताट तिच्यापुढं सरकवून विचारलं, "काय झालंय?"

"काही नाही गं. गुरुवारी ट्रायल आहे."

"कसली ट्रायल?"

मग हळूहळू बोलली. रास अल खोरला एका छापखान्यात त्यांचं मोठं यंत्र बसवलंय. आजवर दरवेळी स्विट्झर्लंडहून माणूस यायचा, यंत्र बसवून चालू करून द्यायचा, आणि ही त्याच्या हाताखाली. या वेळी पहिल्यांदाच कंपनीनं सगळं काम हिच्यावर सोपवलं होतं. गुरुवारी छापखान्याच्या मॅनेजरनं चालू यंत्र बघून कागदावर सही केली की काम पास.

"आणि नाही केली तर?"

"तर तिकडून माणूस येणार. आणि मी परत स्पेअर पार्ट्सच्या टेबलावर." मग म्हणाली, "शिवाय मालकीणबाई स्वतः येतायत. त्यांच्याकडे पद्धत आहे, नवीन यंत्राचं पहिलं पुस्तक निघताना घरातलं कुणीतरी हजर असतं."

मी म्हटलं, "मग मीही घरातलीच आहे. मलाही ने."

"आई, तिथं शेड आहे. बसायला सोफा नाही."

"मी कधी सोफ्यावर बसून बाइंडिंग केलंय?"

रास अल खोर

बुधवारी तिनं मला नेलं. कंपनीची गाडी ती स्वतः चालवते. सहा सहा पदरी रस्ता, दोन्ही बाजूंनी ट्रक धावतायत, आणि माझी लेक एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं मला खजूर देतेय. मी डोळे मिटून घेतले तर म्हणते, "आई, उघड डोळे, उजवीकडे बघ." बघते तर उथळ पाण्यात शेकडो गुलाबी पक्षी एका पायावर उभे. रोहित पक्षी. मागं उंच इमारती, पुढं ट्रकची रांग, आणि मध्ये ते निवांत. त्यांनीही जागा बरी शोधलीय.

छापखान्याच्या दारात पाऊल टाकलं आणि मला वास आला. शाई, कागद आणि गरम गोंद. मालू, तुझा विश्वास बसणार नाही, डोळे भरून आले. कराडचा कारखाना बंद करून सात वर्षं झाली, ह्यांना जाऊनही सहा झाली, आणि तो वास परक्या देशात येऊन भेटला. पिवळं जाकीट चढवलं, पायांत लोखंडी टोपाचे बूट घातले. साडीवर बूट. ईरानं बघितलं असतं तर फोटो काढून शाळेत फिरवला असता.

यंत्र लांबलचक, आपल्या गल्लीएवढं म्हण. एका टोकाला बारा खण. प्रत्येक खणात एकेका फर्म्याची चळत भरायची. यंत्र प्रत्येक खणातून एक फर्मा ओढतं, बारा एकावर एक जुळवतं, पाठीला गोंद लावतं, कव्हर चढवतं, तीन बाजूंनी कापतं आणि दुसऱ्या टोकाला पुस्तक बाहेर. आपण दोघींनी बसून दिवसभरात जेवढी केली असती तेवढी, मी नाकावरचा चष्मा पुसेस्तोवर.

प्रत्येक खणापाशी एक छोटा कॅमेरा. वैशाली त्या कॅमेऱ्यांना शिकवत होती. हो, शिकवतात त्यांना. बरोबर फर्मा दाखवायचा आणि पडद्यावर बोट दाबून सांगायचं, हा तुझा, हा लक्षात ठेव. दुसरा आला तर ते यंत्र तो जुडगा बाजूला फेकून देतं. गुडघ्यांवर बसून, हाताला ग्रीस, केस जाळीत बांधलेले, एकेका कॅमेऱ्यापाशी ती अर्धा अर्धा तास. छापखान्यातला व्यंकटेश, करीमनगरचा, खणात फर्मे भरायचं काम करतो, तो मला म्हणाला, "अम्मा, आपकी बेटी मशीन से बहुत बात करती. हमारे से कम करती." मी म्हटलं, "बाबा रे, लहानपणापासून तशीच आहे." संध्याकाळी शंभर पुस्तकं काढून बघितली, शंभरही बरोबर. त्या दिवशी वैशालीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

गुरुवार

आता नीट ऐक, इथं माझा नंबर लागतो.

छापखान्याचे मॅनेजर बाबू सर, केरळचे, साठीला आलेले, कपाळाला गंध. त्यांनी एक अट घातली होती. कालचे भरलेले खण चालणार नाहीत. सगळे खण रिकामे करायचे आणि माझ्या माणसानं, माझ्यासमोर, पहिल्यापासून भरायचे. वैशालीनं हात लावायचा नाही. त्यांचंही खरं होतं. मागच्या वर्षी जुन्या मशीनवर त्यांची शाळेची पुस्तकं बांधली गेली आणि एक फर्मा मागंपुढं झाला. गाडीभर पुस्तकं शाळांतून परत आली. "मैडम, मैं रात को सोया नहीं था," असं ते वैशालीला दोनदा बोलले होते.

तर सकाळी वैशालीनं बारा फर्म्यांचा एक नमुना, क्रमानं एकावर एक, टेबलावर ठेवला. व्यंकटेशनं वरून एकेक उचलून बघायचा आणि तसले फर्मे पहिल्या खणात, दुसऱ्या खणात असे भरत जायचं. मला टेबलाशेजारी खुर्ची दिली आणि ती मालकीणबाईंना आणायला फाटकाकडे गेली.

मी एकटी. हात रिकामे. समोर फर्म्यांची चळत.

फर्म्याच्या पाठीवर एक बारीक काळी रेघ छापलेली असते. पहिल्या फर्म्याची अगदी वरच्या टोकाला, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. फर्मे बरोबर ठेवले की पाठीवर त्या रेघांचा जिना दिसतो. एक पायरी चुकली की समजायचं, फर्मा चुकला. पस्तीस वर्षं मी हा जिना बघत आलेय, डावीकडून उजवीकडे उतरणारा. इथं बघते तर जिना उजवीकडून डावीकडे उतरत होता.

मला वाटलं, घाईत पोरीनं चळत उलटी लावली. मालकीण दारात आली आणि लेकीची चूक टेबलावर. मी पटकन पदर खोचला आणि सगळे फर्मे उलट क्रमानं लावले, सगळ्यात खालचा सगळ्यात वर. टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या. जिना झाला सरळ. बरं वाटलं गं, लेकीची लाज राखली म्हणून.

ईरानं पुस्तक पालथं करून दाखवलेलं मला माहीत नव्हतं का? होतं. पण डोक्याला माहीत होतं, हातांना कुणी सांगितलं होतं? हे फर्मेही शाळेच्या अरबी पुस्तकाचेच, म्हणजे पाठ उजवीकडे. त्याचा जिना उजवीकडूनच उतरायचा.

व्यंकटेश आला, बाबू सर आले. व्यंकटेश वरून एकेक फर्मा उचलून खण भरत गेला आणि बाबू सर हाताची घडी घालून बघत उभे. त्या दोघांनाही अरबी येत नाही, अरबी वाचणारी माणसं वरच्या ऑफिसात. मी खुर्चीत समाधानानं बसलेली.

मालकीणबाई आल्या. मला वाटलं होतं, मागं चार माणसं बॅगा घेऊन असतील. आल्या त्या एकट्या, पासष्टीच्या, आखूड पांढरे केस, पायात आमच्यासारखेच बूट. नाव रेगुला. मी मनात रेगुलाबाई केलं. सगळ्यांशी हात मिळवला, व्यंकटेशशीही, माझ्याशीही. वैशालीनं सांगितलं, "माय मदर." त्यांनी मान लववली.

वैशालीनं हिरवं बटण दाबलं. यंत्र सुरू झालं. पहिला जुडगा आला आणि ताडकन बाजूला फेकला गेला. दुसरा आला, तोही. तिसरा. मग लाल दिवा लागला आणि यंत्र थांबलं.

बाबू सरांनी घड्याळाकडे बघितलं. "खलास?"

"एक मिनिट, सर." वैशाली पडद्यापाशी गेली. तिची मान मागून लाल झाली होती, मला खुर्चीतून दिसत होतं. पडद्यावर बाराच्या बारा खण लाल. ती पुटपुटली, "सगळे कसे? एखादा चुकेल, दोन चुकतील."

बाबू सर म्हणाले, "मैडम, कैमरा खराब है. मैं पहले से बोलता था. स्विट्झर्लंड से आदमी बुलाओ."

रेगुलाबाई यंत्राजवळ सरकल्या. हात मागं बांधून यंत्राकडे बघत राहिल्या. वैशालीनं खाली वाकून कॅमेऱ्याची काच पुसली, वायर तपासली, परत पडद्यापाशी आली. "मे बी कालचं सेटिंग करप्ट झालं असेल," ती म्हणाली, आधी स्वतःशी मराठीत आणि मग त्यांना इंग्रजीत. "मी कॅमेऱ्यांना पुन्हा शिकवते. दहा मिनिटं द्या."

तेव्हा मी खाली पडलेल्या जुडग्याकडे बघितलं. पालथा पडला होता, आणि पाठीवर मी लावलेला जिना, मला हवा तसा डावीकडून उजवीकडे. शेजारच्या फळीवर पुस्तकाची कव्हरं होती, पाठ उजव्या हाताला. तेव्हा माझा घोळ मला कळला.

खरं सांगते मालू, मी गप्प बसले. मिनिटभर असेन, जास्तच असेन. बोलले तर सगळे म्हणणार, ही इंजिनियर कामावर आईला घेऊन येते आणि आई सामानात हात घालते. लेकीचं हसं. नाही बोलले तर कॅमेऱ्याला दोष जाईल, लेकीला नाही, निदान तोंडावर नाही. असं सगळं मनात येऊन गेलं. पण तिचं बोट पडद्याकडे निघालं होतं. उलटे फर्मे दाखवून ती कॅमेऱ्यांना सांगणार होती, हेच बरोबर. मग ते यंत्र निमूटपणे गाडीभर उलटी पुस्तकं बांधणार होतं, आणि ती पुस्तकं शाळांतून परत येणार होती.

मी उठले आणि म्हटलं, "वैशू, थांब. शिकवू नकोस. कॅमेरा बरोबर आहे. मी फर्मे फिरवलेत."

ती वळली. "काय केलंस?"

"टेबलावरची चळत. जिना उलटा दिसला म्हणून मी सरळ केला."

ती फेकलेल्या जुडग्यांपाशी आली. मग खाली वाकली, एक जुडगा उचलला, पाठ बघितली, आणि डोळे मिटले. मला वाटलं आता ओरडणार. नाही ओरडली. बाबू सरांकडे वळून हिंदीत म्हणाली, "सर, नमुना उल्टा लगा था. गलती मेरी है, टेबल पर किसी को छोड़ना नहीं था."

"तुझी कशी?" मी म्हटलं. "हात माझा लागला."

"आई, साइट माझी आहे."

"आणि अक्कल माझी गेली होती, तिचं काय?"

रेगुलाबाईंनी विचारलं, काय चाललंय. वैशालीनं सांगितलं असावं, कारण त्या माझ्याकडे आल्या, फर्म्यांचा जुडगा माझ्यापुढं धरला आणि खुणेनं विचारलं, कसा बघतेस, दाखव. मी बोटानं जिना उतरून दाखवला. आमचा असा, यांचा असा. त्यांनी माझा उजवा हात धरून उलटा केला आणि अंगठ्याच्या कडेला बोट फिरवलं. तिथं घड्या दाबून दाबून घट्टा पडलाय, तो अजून गेला नाही. मग स्वतःचा अंगठा दाखवला. फिकट, पण होता. वैशालीनं सांगितलं, त्यांच्या घरात जो कुणी कंपनी चालवणार त्यानं आधी वर्षभर बाकावर बसून हातानं घड्या घालायच्या, फर्मे जुळवायचे, शिवायचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना सोडलं नव्हतं. स्वतःच्या मुलीलाही त्यांनी सोडलं नाही. आम्ही दोघी आपापला अंगठा धरून उभ्या. भाषेची गरजच नव्हती म्हण.

व्यंकटेशनं खण रिकामे केले. वैशालीनं चळत परत लावली आणि या वेळी माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, खुर्ची तिकडं भिंतीला." गेले बापडी. खण पुन्हा भरले, बटण दाबलं, आणि यंत्र जे सुटलं ते थांबेचना. पुस्तकामागून पुस्तक. बाबू सर मधूनच एखादं उचलून वरच्या ऑफिसातल्या अरबी वाचणाऱ्या बाईंना दाखवायला पाठवत. सगळी बरोबर.

पण बाबू सर एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी गुपचूप एका खणात दुसऱ्याच खणाचा एक फर्मा सरकवला. यंत्रानं तो एकच जुडगा फेकला, बाकी पुढं चालू. त्यांनी दुसऱ्या खणात केलं. फेकला. मग एक फर्मा खाली डोकं वर पाय करून घातला. फेकला. आता ते लहान मुलासारखे एका खणाकडून दुसऱ्या खणाकडे जायला लागले. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाले, "अम्मा, पिछले साल ये कैमरा होता तो मैं सो जाता." आणि व्यंकटेशला, "देखा? बारह के बारह उल्टे थे, एक भी किताब नहीं बनने दी." मघाशी ज्याला खराब म्हणत होते, त्याचंच कौतुक आता सगळ्या शेडला सांगत होते.

सही केली. टेबलावर कागद ठेवून, चष्मा लावून, तिन्ही प्रतींवर. वैशाली हात मागं धरून उभी होती, आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली.

त्यानंतर रेगुलाबाईंनी यंत्राच्या पायथ्याचं एक छोटं कपाट उघडून वही काढली. जाड, करड्या कापडाची, दोऱ्यानं शिवलेली. शिलाई मी आधी बघितली, चांगली होती. त्यांच्या प्रत्येक यंत्राबरोबर अशी एक वही जाते. यंत्रावर काम करताना ज्याच्याकडून चूक झाली त्यानं ती स्वतःच्या हातानं, स्वतःच्या भाषेत लिहायची, म्हणजे पुढच्याला कळतं. त्यांच्या आजोबांपासूनची पद्धत. लिहिलेल्या चुकीबद्दल कुणाला रागवायचं नाही, हा नियम.

वैशालीनं पेन घेतलं. मी ते तिच्या हातातून घेतलं.

"आई, मी लिहिते."

"तू तुझी लिही. माझी मला लिहू दे."

दोघी पेन धरून उभ्या. रेगुलाबाई म्हणाल्या, वैशालीनं मला सांगितलं ते असं, की चुका ज्या क्रमानं झाल्या त्या क्रमानं लिहाव्यात. मग मी विचारलं, "म्हणजे आधी कुणाची?" वैशाली विचार करून म्हणाली, "मी तुला टेबलाशेजारी बसवलं ते आधी." म्हणजे पहिली ओळ तिची झाली. तिनं इंग्रजीत लिहिलं. खाली मी मराठीत लिहिलं:

"अरबी पुस्तकाचा जिना उजवीकडून उतरतो. मी तो कराडच्या सवयीनं डावीकडून उतरवला. यंत्रानं ऐकलं नाही. कॅमेरे वैशालीनं शिकवले आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवावा."

शेवटचं वाक्य चुकीत मोडत नाही, असं वैशाली म्हणाली. खोडायचं का, मी विचारलं. रेगुलाबाईंनी अर्थ विचारला आणि वही तशीच मिटून कपाटात ठेवली.

दुपारी सगळे शेडमध्येच जेवलो. बाबू सरांच्या घरचा भात आणि ताकाची कढी, व्यंकटेशनं आणलेले परोटे, आमच्या भाकऱ्या. रेगुलाबाईंनी भाकरी हातात धरून आधी वास घेतला, मग सरळ तोडून शेंगाची चटणी लावली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी परत घेतली. निघताना वैशालीशी दोन मिनिटं बाजूला बोलल्या. गाडीत बसल्यावर वैशाली चाकावर हात ठेवून नुसती बसली. म्हटलं, "काय म्हणाल्या?"

"यापुढं गल्फमधली सगळी यंत्रं मी बसवणार. पुढचं शारजाला." मग म्हणाली, "आणि म्हणाल्या, आईंना बरोबर आणलं तर हरकत नाही, पण खुर्ची भिंतीला."

आम्ही दोघी हसत सुटलो. चौकीदारानं गाडीत डोकावून बघितलं. मग ती हसता हसता रडायला लागली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ग्रीसचा वास येत होता तिच्या अंगाला. ह्यांच्या सदऱ्याला तसाच यायचा.

तर असं आहे मालू. उंच मनोरा मी बघितला, कारंजी बघितली, सोन्याचा बाजारही बघितला, तुझ्या कानांतलं आणलंय, काळजी करू नकोस. पण माझ्या लेकीनं शिकवलेल्या यंत्रानं माझी चूक पकडली, एक पुस्तक उलटं जाऊ दिलं नाही, आणि मी तिथं हजर होते. असं किती जणींच्या वाट्याला येतं?

वैशाली पुढच्या महिन्यात आठ दिवसांसाठी कराडला येतेय. पहिले दोन दिवस तिनं नुसतं झोपायचं ठरवलंय. पुढचे सहा दिवस मी गल्लीभर तिला मिरवणार आहे आणि ती वैतागणार आहे. एकटीनं किती कौतुक करू गं, मला जोडीला कुणीतरी हवं. बार्शीहून सकाळची एसटी धर, दोन साड्या घे आणि ये. लवकर ये.